सविता कोणत्या केंद्राची?

"मॅडम, ती बाई आता माझ्याकडची नाही," डॉ. मुळे म्हणाले. हे कळमनुरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचे डॉक्टर.

"माझ्याकडची तर ती कधीच नव्हती," डॉ. जाधव लगेच म्हणाले. हे गोरेगावच्या पुढच्या, म्हणजे सेनगाव तालुक्यातल्या केंद्राचे. उत्तर घरून पाठ करून आल्यासारखे बोलले.

हिंगोली जिल्हा परिषदेच्या सभागृहात महिन्याची आढावा बैठक चालू होती. पडद्यावर एका बाईचं नाव लाल रंगात दिसत होतं. सविता राठोड, वय वीस, पहिलं गरोदरपण, नववा महिना लागलेला. एचबी पाच पॉइंट आठ. रक्तगट बी निगेटिव्ह.

माझं काम थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. जिल्ह्यातल्या गरोदर बाया आणि लहान लेकरं सुखरूप राहतात की नाही हे बघणारी जी अधिकारी असते, ती मी. पदाचं नाव लांबलचक आहे, पूर्ण कोणी घेत नाही. माझ्या हाताखाली एकही दवाखाना नाही, एकही खाट नाही. एक फोन, एक गाडी आणि जिल्हाभरच्या डॉक्टरांवर ओरडायचा अधिकार, एवढंच भांडवल. तो अधिकार मी मन लावून वापरते असं माझ्या माघारी म्हणतात. खोटं नाही ते.

एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. गरोदर बाईचं अकराच्या वर असावं. आमच्याकडे दहा असलं तरी आम्ही खूश होतो. सातच्या खाली गेलं की धोका. बाळंतपणात प्रत्येकच बाईचं रक्त जातं. अंगात पुरेसं असेल तर ती ते सोसते. पाचवर आलेल्या बाईकडे सोसायला काही शिल्लकच नसतं. दुसरी बाई ज्या रक्तस्रावानंतर चहा मागते, त्यात ही जाते. त्यात रक्तगट निगेटिव्ह, म्हणजे ऐनवेळी पिशवी मिळण्याची मारामार. अशा बाईला आम्ही 'हाय रिस्क' म्हणतो. तिला बाळंतपणाच्या आधीच मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवायचं असतं.

आणि ही बाई कुठे आहे हे त्या सभागृहात कोणालाच माहीत नव्हतं.

असं कसं झालं? सविताचं सासर कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर. तिची नोंद तिथली. मुळेंच्या सिस्टरने तिला तपासलं, रक्त कमी आहे हे पकडलं, गोळ्या दिल्या, दोन इंजेक्शनंही दिली. दिवाळी झाली आणि सासरची सगळी मंडळी ऊसतोडीला सांगलीकडे गेली. सविता पोटुशी, म्हणून तिला माहेरी पाठवलं. तसंही पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त आमच्या यंत्रणेला ठाऊक नाही. यंत्रणेला बाई जिथे नोंदवली तिथेच बसून राहिलेली लागते.

"माझ्या सिस्टरने शेरा मारला, 'माहेरी गेली,'" मुळे म्हणाले. "माझी जबाबदारी संपली."

"माहेर माझ्या हद्दीत आहे, हे खरं," जाधव म्हणाले. "पण माझी सिस्टर घरी जाऊन आली. सविता इथे नाही, असं घरच्यांनी स्वच्छ सांगितलं. जी आलीच नाही तिची नोंद मी कशी करू?"

दोघंही नियमाने बरोबर होते. मला अशाच वेळी जास्त राग येतो. नियमाने चुकलेल्या माणसाला निदान झापता तरी येतं.

बैठकीला सीईओ साहेब बसले होते. तरुण, नवीन आलेले, सगळं टिपून घेणारे. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या बैठकीपर्यंत याचा अहवाल द्या."

"सर, पुढच्या बैठकीपर्यंत ही बाई बाळंत झालेली असेल, नाही तर मेलेली असेल. मी आत्ताच निघते."

आता हिची बदली, असं चारदोन जणांच्या मनात आलं असणार. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "निघा. गाडी आहे ना?"

मी जाधवांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर."

"मॅडम, जेवण?"

"बाई सापडली की जेवू."

वाटेत सविताच्या नवऱ्याला फोन लावत राहिले. आमच्याकडे प्रत्येक बाईपुढे एक मोबाइल नंबर असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो. नवरा उसाच्या फडात, फोन बंद. जाधव खिडकीबाहेर बघत बसले होते. माणूस वाईट नव्हता. केंद्र चांगलं चालवत होता. पण आपल्या हद्दीच्या बाहेर जग आहे, हे त्याला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. आम्हीच नाही शिकवलं, दर महिन्याला ज्याचे त्याचे आकडे मागून.

सविताच्या माहेरच्या तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरापुढे कापसाचा ढीग. सविताची आई चंदाबाई अंगण झाडत होती. तिची सून पूजा भिंतीला टेकून बसलेली, तीही दिवस भरत आलेली. पूजाचं हे दुसरं, म्हणून ती सासरी.

"सविता कुठाय, चंदाबाई?"

"न्हाई इथं. तुमच्या सिस्टरला सांगितलं की मी."

"मग कुठाय?"

"हाय बरी."

"मी तिला न्यायला नाही आले. बघायला आले."

"समदे असंच म्हनतात. मग गाडीत घालतात अन् नांदेडला नेऊन टाकतात," चंदाबाई झाडू न थांबवता म्हणाली.

जाधव माझ्याकडे 'बघा, सांगितलं नव्हतं?' अशा नजरेने बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. पूजाजवळ बसले, तिचं बीपी घेतलं, पोट तपासलं. सगळं व्यवस्थित होतं. तसं तिला सांगितलं. चंदाबाईचा झाडू थांबला. सुनेबद्दल कोणी चांगलं बोललं की सासू ऐकतेच, आधी खूश होते की नाराज, एवढाच फरक. चंदाबाई खूश झाली. चहा टाकते म्हणाली.

चहा पिताना मी सहज म्हटलं, "लेक आणि सून दोघी एकाच महिन्यात. तुमची मोठी धावपळ होणार बघा."

"म्हनूनच तर तिला इथं ठिवलं न्हाई, डॉक्टरीनबाई," ती म्हणाली. "एका चुलीवर दोन बाळंतिनी न्हाई चालत. एकीचं लेकरू दुसरीच्या लेकराला वढतं. माझ्या सासूनं पाहिलेलं हाय. मंग लेकीला इथं कशी ठिवू? सुनंला तर घराभाईर काढता येत न्हाई. लेकच परकी झाली. माझ्या बहिनीकडं धाडली, जवळा बाजारच्या अलीकडं."

जाधवांचा कप हातातच राहिला. त्यांच्या सिस्टरने विचारलं होतं, सविता इथं आहे का. चंदाबाईने खरं उत्तर दिलं होतं, नाही. पुढचा प्रश्न विचारायचं सिस्टरचं काम नव्हतं, कारण 'नाही' म्हटल्यावर ती बाई तिच्या हद्दीतून गेली होती.

जवळा बाजार औंढा तालुक्यात. म्हणजे तिसरा तालुका आणि तिसरं आरोग्य केंद्र. गाडीत बसतानाच मी तिथल्या डॉ. शेख यांना फोन लावला. कामाची मुलगी, दोनच वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली.

"मॅडम, बघते. पण ती आमच्या तालुक्यातली ना सासरने, ना माहेरने. तिला आमच्याकडे कोणत्या कारणाने दाखवायचं?"

"ती तुमच्या हद्दीत श्वास घेते आहे, या कारणाने दाखवा."

"हो मॅडम. निघते."

तिला उगाच बोलले असं वाटलं. पण परत फोन करून गोड बोलायला वेळ नव्हता. हिंगोली ओलांडून औंढ्याच्या रस्त्याला लागलो. जवळ्याला बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्या, जीपा, मध्येच उभ्या केलेल्या मोटारसायकली. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

आम्ही पोचलो तेव्हा डॉ. शेख आधीच तिथे होती. घर सविताच्या मावशीचं, शांताबाईचं. सविता ओसरीवर बसलेली. पायावर सूज. बोलताना मध्येच दम घ्यायची. तिच्या ओच्यात भाजलेल्या मातीचे तुकडे होते, बाजारात खायला मिळतात ते. अंगात रक्त कमी झालं की बाईला माती खावीशी वाटते. घरचे म्हणतात डोहाळे लागलेत. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नव्हती. शेखने बोटाला टोचून एचबी बघितलं होतं. पाच पॉइंट दोन. आधीपेक्षाही कमी.

"गोळ्या खात होतीस का गं?"

"सासरी व्हते तवर खाल्ल्या. मंग संपल्या."

"मागितल्या का नाहीत?"

"कुनाला मागू? इथली सिस्टर मला वळखत न्हाई."

डॉ. शेखने तिचं नाव आपल्या वहीत लिहून घेतलं.

मी शांताबाईला समजावून सांगितलं. हिला हिंगोलीला न्यावं लागेल. रक्त चढवावं लागेल. बाळंतपण होईपर्यंत तिथेच राहावं लागेल. शांताबाई घाबरली, पण नकार तिचा नव्हता. नकार सविताने दिला.

"याडी आल्याबिगर मी हलनार न्हाई."

याडी म्हणजे आई. त्यांच्या बोलीत.

"अगं, मावशी येईल ना बरोबर."

"पहिलं हाय माझं. पहिलं आईनंच करायचं असतं. ती न्हाई आली तर मी हितंच ऱ्हाते. मेले तर मेले."

वीस वर्षांची पोरगी, धड उभं राहता येत नव्हतं, आणि आवाज असा. मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं. तिच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

जाधवांनी आपल्या सिस्टरला तांड्यावर पाठवून चंदाबाईला फोनवर बोलावलं. मी स्पीकर लावला. सविताची तब्येत मी काही न लपवता सांगितली. चंदाबाई रडायला लागली.

"कशी येऊ, बाई? पूजाचे दिवस भरलेत. तिला टाकून लेकीकडं गेले तर तांडा काय म्हनंल? लेकीसाठी सुनंला वाऱ्यावर सोडलं म्हनतील. तिची आई मला तोंड दाखवू देनार न्हाई. माझं काळीज दोन्हीकडं फाटून राहिलं. मी एकटी कुनाकुनाला पुरू?"

आता अडचण उघड झाली. ती अंधश्रद्धेची नव्हती आणि अडाणीपणाचीही नव्हती. एक आई होती आणि दोन बाळंतपणं होती, दोन वेगळ्या तालुक्यांत. आमच्या खात्याकडे गोळ्या आहेत, गाड्या आहेत, योजना आहेत. जास्तीची आई कुठल्याच योजनेत बसत नाही.

मी म्हटलं, "चंदाबाई, पूजालाही घेऊन या. दोघींनाही हिंगोलीला ठेवू. तुम्ही मधे राहा."

म्हणाले खरी, आणि लगेच जीभ चावली. एका जागी दोन बाळंतिणी नकोत म्हणून तर हे सगळं रामायण. मी चाचरत विचारलं, "चालेल का तुम्हाला? म्हणजे, एकाच छपराखाली..."

"छपराचं काय न्हाई, डॉक्टरीनबाई," ती नाक ओढत म्हणाली. "मी चुलीचं बोलले व्हते. दवाखान्यात कुठं चूल हाय? अन् असली तरी सरकारची. सरकारला काय बाधा व्हनार?"

इतक्या वेळात मी पहिल्यांदा हसले. शेखही हसली. जाधव हसले नाहीत. ते दुसऱ्याच विचारात होते.

"मॅडम, सिव्हिलवाले पूजाला घेणार नाहीत. नॉर्मल केस आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. इथे एक गोष्ट सांगायला हवी. लोकांना वाटतं सरकारी दवाखाना म्हणजे सगळा एकच. तसं नाही. गावातली उपकेंद्रं आणि आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. मोठा दवाखाना, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, तो वेगळ्या साहेबांच्या हाताखाली. माझा ओरडायचा अधिकार सिव्हिलच्या फाटकापाशी संपतो. आत मी विनंती करते. आणि विनंती करायचं मला अजिबात जमत नाही.

तरी केली. बाळंतपण विभागाच्या डॉ. कुलकर्णी मॅडमना फोन लावला. आमची जुनी ओळख, आणि जुनी भांडणंही.

"सविताला आत्ता आण," त्या म्हणाल्या. "पण दुसरी कशाला? ती ठणठणीत आहे म्हणतेस. कळा यायच्या आधीच नॉर्मल बाया दाखल करायला लागले तर उद्या सगळा जिल्हा येईल."

"येऊ दे. आपला पगार वसूल होईल."

"खाटा कुठून आणू?"

"ती दुसरी आली नाही तर पहिलीची आई येत नाही. आई आली नाही तर पहिली येत नाही. पहिली आली नाही तर ती मरते. हे चौथीच्या गणिताएवढं सोपं आहे, मॅडम. खाट मी एकच मागत नाही, दोन मागते आहे, पण जीव एकच वाचवायचा आहे."

"तू विनंती करते आहेस की धमकी देते आहेस?"

"विनंतीच आहे. मला अशीच येते."

"लिहून दे मला. घर लांब, वाहनाची सोय नाही, म्हणून आधी दाखल करून घ्यावं. तुझ्या सहीने. उद्या कोणी विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवणार."

"दोन्ही हातांची दाखवा."

आता रक्त. बी निगेटिव्ह हिंगोलीत नव्हतं. नांदेडला फोनाफोनी केली, तिथे दोन पिशव्या मिळत होत्या. आणायच्या कोणी? कळमनुरी नांदेडच्या रस्त्यावर आहे. मी डॉ. मुळेंना फोन केला.

"मॅडम, मी सांगितलं होतं ना, ती बाई आता माझ्या..."

"मुळे, तुमच्या सिस्टरने तिचं रक्त कमी आहे हे पकडलं. जिल्ह्यात हे चांगलं काम एकट्या तिनेच केलंय. ते वाया घालवू नका. नांदेडला जा आणि बर्फाच्या डब्यात पिशव्या घेऊन या."

"आमच्या गाडीला हद्दीबाहेर परवानगी..."

"लॉगबुकात माझं नाव लिहा."

ते गेले. खरं सांगायचं तर मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर गेले.

आई हिंगोलीला येणार हे स्पीकरवर ऐकल्यावर सविता शेखच्या गाडीतून निघाली. जाधवांना मी माझ्या गाडीने गोरेगावकडे परत पाठवलं, त्यांच्या केंद्राची गाडी काढून पूजा आणि चंदाबाईला आणायला. ते वाटेत फोन करून सांगत होते, "मॅडम, निघालो. पूजाचं थोरलं आजोबांपाशी ठेवलंय. चंदाबाईंनी शेळीही शेजारी बांधली." हद्दीपलीकडे न बघणारा माणूस शेळीपर्यंत आला होता. तीन तालुक्यांच्या तीन गाड्या त्या रात्री सिव्हिलच्या आवारात उभ्या राहिल्या. एका बाईसाठी. तिथल्या वॉचमनने मंत्री येणार आहेत का, असं विचारलं.

वॉर्डात चंदाबाईने एकच अट घातली. दोघींच्या खाटा शेजारी नकोत. वॉर्डाच्या सिस्टरने एक खाट दाराशी दिली, एक खिडकीशी. चंदाबाई दिवसभर त्या दोन खाटांमध्ये येरझारा घालायची. रक्त हळूहळू चढवलं. एकदम चढवलं तर हृदयावर ताण येतो. सविताच्या ओठांवर थोडा रंग आला. कुलकर्णी मॅडमनी आणखी एक पिशवी मागवून ठेवली, लागली तर असावी म्हणून.

आधी पूजा बाळंत झाली. मुलगी, काही त्रास नाही. चंदाबाई नातीला घेऊन इतकी हरखली की सगळ्या वॉर्डाला दाखवून आली. फक्त सविताच्या खाटेकडे तिने ती मुलगी नेली नाही.

सविताच्या कळा एका सकाळी सुरू झाल्या. मी कार्यालयात होते. फोन आला तशी निघाले. मी तिथे जाऊन करणार काहीच नव्हते. मी आता खुर्चीतली डॉक्टर, हातमोजे घालून वर्षं झाली. पण मला बसवेना. मुलगा झाला. आणि मग, ज्याची भीती होती तेच झालं. रक्त थांबेना. आतून कुलकर्णी मॅडमचा आवाज येत होता, एकेक सूचना स्पष्ट, घाई नसलेली. इंजेक्शनं, मसाज, आणि आधी आणून ठेवलेली पिशवी. चंदाबाई बाहेर जमिनीवर बसून पुटपुटत होती. मी तिच्या शेजारी खाली बसले. तिने माझा हात धरला तो इतका घट्ट की बोटं दुखायला लागली. मी काढून घेतला नाही. मला भीती वाटत होती. अधिकाऱ्यांना भीती वाटते हे लोकांना खरं वाटत नाही, पण वाटते.

दुपार कलली तेव्हा कुलकर्णी मॅडम बाहेर आल्या. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "आहे. राहील. ही शांताबाईच्या ओसरीवर असती तर संपली होती. आणि जवळ्याच्या केंद्रातसुद्धा शेखचा इलाज चालला नसता."

चंदाबाई उठली आणि कुलकर्णी मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या आणि माझ्यावरच ओरडल्या, "अगं बघतेस काय, तिला पाणी दे!" त्यांना असं काही झालं की त्या ओरडतात. आमच्या दोघींचं त्याबाबतीत जमतं.

पुढच्या महिन्याच्या आढावा बैठकीत एक गंमत झाली. 'हाय रिस्क बाई, सुखरूप बाळंतपण' या रकान्यात सविता राठोड हे नाव तीन ठिकाणी आलं होतं. मुळेंनी दाखवलं, कारण नोंद त्यांची. जाधवांनी दाखवलं, कारण माहेर त्यांचं. शेखने दाखवलं, कारण रेफर तिने केली. जिल्ह्यात एकीच्या तिघी झाल्या. सीईओ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, तिघांनाही द्या. तिघांनीही गाडी काढली होती." तेही हसले. मग मात्र मी उभी राहिले आणि जे ठरवून आले होते ते सांगितलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक रीत आहे. सातव्या महिन्यात बाई घर सोडते तेव्हा शेवटी जिने तिला तपासलं, ती सिस्टरच तिची मालकीण. 'माहेरी गेली' असा शेरा मारून सुटका नाही. जिथे गेली तिथल्या सिस्टरने फोनवर 'बाई माझ्यासमोर बसली आहे' असं सांगितलं, आणि बाईलाही फोनवर बोलू दिलं, की मगच हात झटकायचे. बाई तिथे नसेल तर पुढचा प्रश्न विचारायचा, मग कुठे आहे? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचा.

सिस्टर लोकांनी सुरुवातीला खूप कुरकुर केली. एकीने तर मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, आमी सिस्टर हाव का पोष्टमन?" मी म्हटलं, पोस्टमन पोच घेतल्याशिवाय पार्सल सोडत नाही, तेवढं शिकलात तरी पुरे. आता कुरकुर कमी झाली आहे. संपली नाही.

आमचा जिल्हा लहान आहे. बायांची माहेरं वाशिमला असतात, नांदेडला असतात, परभणीला, यवतमाळला असतात. तिथे माझी रीत चालत नाही. तिथल्या माझ्यासारख्याच अधिकाऱ्यांना मी फोन करते, तेव्हा काही जण ऐकतात आणि काही जण पत्र पाठवा म्हणतात. पत्रही पाठवते, आणि फोनही करत राहते. माझ्या चिवटपणाची आता शेजारच्या जिल्ह्यांनाही सवय होऊ लागली आहे.

परवा एक नवीन डॉक्टर रुजू झाला. हुशार मुलगा. ही रीत ऐकल्यावर त्याने नम्रपणे विचारलं, "मॅडम, याचा जीआर कुठे मिळेल?"

मी सांगितलं, याचा जीआर नाही. जीआर दुसऱ्या गोष्टीचा आहे. बाळंतपणात बाई गेली की आमच्याकडे समिती बसते. सासर, माहेर, वाटेतलं केंद्र, सगळ्यांना बोलावतात. मृत्यू कोणत्या तालुक्याच्या नावावर मांडायचा, हे अगदी चोख ठरतं. त्यात कधी घोळ झालेला मी पाहिलेला नाही. मेलेली बाई कोणाची, हे आम्हाला पहिल्यापासून पक्कं माहीत होतं. जिवंत बाई कोणाची, तेवढंच ठरवायचं राहिलं होतं.